खालची अक्कलदाढ : अधिमांस, वर्धन आणि अडलेला दात

मुखरोगांविषयी आपल्या नियतकालिकांतून जे लिहिले जाते, ते बहुधा मुखपाक, शीताद, उपकुश आणि कृमिदंत यांविषयी. गंडूष व प्रतिसारण यांचा गुण त्या व्याधींत लवकर दिसतो, त्यामुळे लिहिणाऱ्याला उत्साह वाटतो आणि वाचणाऱ्यालाही. खालच्या जबड्यातील शेवटच्या दाढेविषयी मात्र क्वचितच कोणी लिहितो. वास्तविक सतरा ते पंचवीस या वयातील जे रुग्ण हनुशूल, कर्णशूल, गिळताना वेदना किंवा तोंड न उघडणे अशा तक्रारी घेऊन आपल्याकडे येतात, त्यांतील अनेकांच्या दुखण्याचे मूळ या एका दाढेत असते. रुग्ण ते सांगत नाही, कारण त्याला ते ठाऊक नसते. वैद्यालाही पुष्कळदा ठाऊक होत नाही, कारण तोंडाच्या त्या कोपऱ्यापर्यंत प्रकाश पोहोचत नाही आणि आपण तो पोहोचवत नाही.

प्रथम ही दाढ अडते किती जणांत, ते पाहू. सर्व दातांत अडण्याचे प्रमाण तिसऱ्या दाढेचे सर्वाधिक, हे सर्वमान्य आहे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या कार्टर आणि वर्दिंग्टन यांच्या संकलनात ४९ अभ्यासांतील ८३ हजारांहून अधिक व्यक्तींची माहिती एकत्र केली होती. त्यात सुमारे २४ टक्के व्यक्तींत किमान एक अक्कलदाढ अडलेली आढळली. म्हणजे ढोबळमानाने चार जणांमागे एक. वरच्या जबड्यापेक्षा खालच्या जबड्यात हे अडणे स्पष्टपणे अधिक होते, आणि स्त्री-पुरुषांत म्हणण्यासारखा भेद आढळला नाही. त्याच लेखकद्वयाच्या २०१५ च्या दुसऱ्या संकलनानुसार सुमारे २२ टक्क्यांहून थोड्या अधिक व्यक्तींत एक वा अधिक अक्कलदाढा मुळात तयारच होत नाहीत. हे दोन्ही आकडे शेजारी ठेवून वाचावेत अशी आमची विनंती आहे. रुग्ण जेव्हा 'मला अक्कलदाढ आलीच नाही' असे सांगतो, तेव्हा ती नाही की आहे आणि हाडात दडली आहे, हे दर्शन-स्पर्शन-प्रश्न या त्रयीने कळत नाही. तेथे क्ष-किरण चित्रच पाहावे लागते.

या टक्केवारीविषयी एक सावधगिरीची सूचना आवश्यक वाटते. 'अडलेली' या शब्दाचा अर्थ प्रत्येक अभ्यासकाने सारखा घेतलेला नसतो. अठराव्या वर्षी न उगवलेली दाढ ही अडलेलीच असे मानले, तर आकडा फुगतो. न्यूझीलंडमधील एका लोकसमूहावरील दीर्घकालीन अभ्यासात त्याच व्यक्तींची १८ व्या आणि २६ व्या वर्षी क्ष-किरण चित्रे घेतली गेली. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांत, अठराव्या वर्षी अडलेल्या वाटलेल्या दाढांपैकी पूर्ण आडव्या दाढा सोडल्या तर इतरांतील बऱ्याच दाढा पुढे नीट उगवल्याचे दिसले. तेव्हा एकोणिसाव्या वर्षाच्या चित्रावरून कोणाचे भवितव्य सांगू नये, दंतवैद्याने नाही आणि आपणही नाही.

आता ही दाढ का अडते? पहिली कायमची दाढ सहाव्या वर्षाच्या सुमारास येते, दुसरी बाराव्या वर्षाच्या, आणि तिसरी सतरा ते पंचवीसच्या दरम्यान. जी शेवटी येते तिच्या वाट्याला उरलेली जागा येते. खालच्या जबड्यात ही उरलेली जागा म्हणजे दुसऱ्या दाढेची मागची बाजू आणि जबड्याच्या हाडाची वर जाणारी उभी फांदी यांमधील अंतर. या दाढेचा अंकुर सुरुवातीला त्या उभ्या फांदीच्या मुळाशी असतो आणि त्याचे चर्वणपृष्ठ पुढे, म्हणजे दुसऱ्या दाढेकडे झुकलेले असते. जबडा वाढत जातो, फांदीची पुढची कड झिजत मागे सरते, आणि दाढ हळूहळू सरळ होत वर येते. वाढ कमी पडली किंवा वाढीची दिशा प्रतिकूल असली, तर सरळ होण्याची ही क्रिया अर्ध्यावर थांबते. ब्यॉर्क आणि सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये या गोष्टीचा अभ्यास करून तीन कारणे सांगितली : जबड्याची लांबी कमी असणे, सांध्याजवळील वाढ पुढे न जाता वरच्या दिशेने होणे, आणि दातांची उगवण मागच्या दिशेने होणे. खालची अक्कलदाढ बहुतेक वेळा पुढे झुकलेल्या स्थितीतच का अडते, याचे उत्तर अंकुराच्या या मूळ कलात आहे.

आहाराचा संबंध येथे येतोच. शिकार व संकलनावर जगणाऱ्या समूहांचे जबडे आणि शेतीवर जगणाऱ्या समूहांचे जबडे यांच्या आकारात पद्धतशीर भेद आहे, असे २०११ साली फॉन क्रामॉन-टाउबाडेल या अभ्यासिकेने जगभरच्या कवट्यांच्या मोजमापावरून दाखविले. मऊ अन्नाने बालपणी जबड्यावर ताण कमी पडतो, जबडा लांबीला कमी वाढतो आणि दातांना जागा अपुरी पडते, अशी त्यामागील मांडणी आहे. यावरून आपल्यापैकी काही उत्साही मंडळी 'ऊस आणि भाकरी खा, दाढ सरळ येईल' असा उपदेश विशीतल्या मुलांना करतात. तो निरर्थक आहे. ज्या वयात हा रुग्ण आपल्यासमोर बसतो, त्या वयात जबड्याची वाढ जवळजवळ संपलेली असते. पाच वर्षांच्या मुलाच्या आईला भाजलेले हरभरे आणि ऊस सुचवावा, त्यात काही गैर नाही. पण त्याने तिच्या मुलाची अक्कलदाढ नक्की उगवेल असे वचन मात्र देऊ नये. आनुवंशिकतेचा वाटा आहेच.

अडण्याचे प्रकार वैद्याला माहीत असावेत, असे आम्ही आग्रहाने म्हणतो, आणि याच मुद्द्यावर थोडे रेंगाळण्याची परवानगी मागतो. १९२६ साली जॉर्ज विंटर या अमेरिकी दंतशल्यतज्ज्ञाने खालच्या अक्कलदाढेवर स्वतंत्र ग्रंथ लिहून जी वर्गवारी केली, ती आजही वापरात आहे. दुसऱ्या दाढेच्या उभ्या अक्षाशी तिसरीचा अक्ष कोणता कोन करतो, हा तिचा पाया. पुढे झुकलेली, उभी, आडवी आणि मागे कललेली असे चार मुख्य प्रकार. याखेरीज गालाकडे वा जिभेकडे कललेली, आणि क्वचित उलटी, म्हणजे जिचे डोके खाली आणि मुळे वर. वर उल्लेखिलेल्या २०१६ च्या संकलनात अडलेल्या दाढांपैकी सुमारे ४१ टक्के पुढे झुकलेल्या, २५ टक्क्यांहून किंचित अधिक उभ्या, १२ टक्के मागे कललेल्या आणि ११ टक्के आडव्या होत्या.

या चार शब्दांत रुग्णाचे पुढचे बरेच काही लिहिलेले असते. पुढे झुकलेली दाढ दुसऱ्या दाढेच्या मागच्या अंगाला डोके टेकून बसते. त्या खाचेत अन्न अडकते, तेथे ना दातवण पोहोचते ना ब्रश, आणि कीड लागते ती बहुधा दुसऱ्या दाढेला, जी चर्वणासाठी खरी उपयोगाची आहे. आडव्या दाढेचेही तेच. हा कृमिदंत मागच्या बाजूला, हिरडीच्या पातळीवर असतो. आरशात दिसत नाही, आपल्यालाही दिसत नाही. उभी आणि मागे कललेली दाढ मात्र अर्धी बाहेर येते, तिच्या मागच्या भागावर हिरडीचे झाकण राहते, आणि त्या झाकणाखाली अन्नकण व स्राव साचून शोथ होतो. वरची दाढ चावताना त्या सुजलेल्या झाकणावर आपटते, त्यामुळे सूज वाढते, आणि सूज वाढली की ती अधिक आपटते. महिना-दोन महिन्यांनी पुन्हा पुन्हा दुखणाऱ्या रुग्णाची कथा बहुधा हीच.

पेल आणि ग्रेगरी यांनी १९३३ साली दुसरी वर्गवारी दिली. दाढ किती खोल आहे आणि उभ्या फांदीपुढे तिला जागा किती आहे, या दोन गोष्टी तिच्यात पाहिल्या जातात. दुसऱ्या दाढेच्या चर्वणपृष्ठाच्या पातळीपर्यंत आलेली ती 'ए', त्याखाली पण दाताच्या मानेच्या वर असलेली ती 'बी', आणि मानेच्याही खाली असलेली ती 'सी'. जागेसाठी एक, दोन, तीन असे वर्ग : दाढेच्या रुंदीइतकी जागा आहे, अपुरी आहे, किंवा दाढ जवळजवळ सगळी फांदीच्या हाडात आहे. शस्त्रकर्म किती अवघड जाईल याचा अंदाज यावरून बांधता येतो. येथे एक गंमत लक्षात ठेवण्यासारखी आहे. खालच्या जबड्यात मागे कललेली दाढ काढणे सर्वांत कठीण, कारण तिची बाहेर येण्याची वाट उभ्या फांदीच्या हाडात शिरते. वरच्या जबड्यात नेमके उलटे असते. म्हणून 'दिसतेय तर आहे, सहज निघेल' असे जे आपण रुग्णाला सांगून टाकतो, ते सांगू नये. थोडी दिसणारी दाढ पुष्कळदा न दिसणारीपेक्षा अधिक त्रास देते.

आता आपल्या ग्रंथांकडे वळू. सुश्रुताचार्यांनी दंतमूलगत पंधरा व्याधींत अधिमांस सांगितला आहे : हनूच्या शेवटच्या दाताशी होणारा, मोठा शोथ आणि तीव्र रुजा असलेला, लालास्राव करणारा, कफज. वाग्भटांनी त्याचे वर्णन अधिक नेमके केले. दातांच्या शेवटी खुंट्यासारखी सूज, हनू आणि कर्ण या दोन्ही ठिकाणी वेदना, आणि अन्न घेण्यास अडथळा. अक्कलदाढेच्या हिरडीच्या झाकणाचा शोथ ज्याने एकदा पाहिला आहे, त्याला हे वर्णन वाचून दुसरे काही आठवणार नाही. कानात वेदना जाणे हे लक्षण दोन ओळींच्या वर्णनात टिपले गेले, याचे आम्हांस राहून राहून कौतुक वाटते. तसेच वर्धन. वाताने अधिक दात उत्पन्न होतो, तो येताना तीव्र वेदना होते आणि आल्यावर ती शमते. वाग्भटांनी हाच अधिदंत म्हटला आहे. जागा असलेली अक्कलदाढ उगवताना जे घडते, ते याहून वेगळे नाही. काही टीकाकार व अध्यापक वर्धनाचा अर्थ केवळ जादा दात, म्हणजे बत्तिसांहून अधिकचा असा करतात. तो अर्थ आम्ही अमान्य करीत नाही. परंतु 'आल्यावर वेदना शमते' हे लक्षण उगवणाऱ्या अक्कलदाढेला अधिक लागू पडते, असे आमचे मत आहे.

तथापि येथेच थांबावे. 'आयुर्वेदाने इम्पॅक्शन दोन हजार वर्षांपूर्वी ओळखले होते' अशी वाक्ये परिसंवादांत ऐकू येतात. ती ग्रंथांवर अन्याय करणारी आहेत. हाडात पूर्ण दडलेली, आडवी, दुसऱ्या दाढेच्या मुळाशी डोके खुपसून बसलेली दाढ डोळ्यांना दिसत नाही, आणि आचार्यांनी जे दिसले, हाताला लागले आणि रुग्णाने सांगितले, तेच लिहिले. न पाहिलेले त्यांनी लिहिले नाही, हीच त्यांची प्रामाणिकता. अधिमांस ही त्या अडलेल्या दाढेमुळे वरच्या मांसात घडणारी घटना आहे. ती दाढ कोणत्या कोनात आहे, हे अधिमांसाच्या लक्षणांत येत नाही. काश्यपसंहितेत बत्तीस दातांपैकी आठ एकदाच येणारे आणि उरलेले द्विज म्हटले आहेत. आधुनिक गणनेनुसार एकदाच येणारे बारा आहेत, म्हणजे नेमक्या चारांचा फरक. आणि अक्कलदाढाही चारच. हा योगायोग मोहक आहे, पण त्यावर इमारत उभारू नये.

चिकित्सेकडे पाहिले तर आचार्यांची भूमिका आपल्या आजच्या सवयीपेक्षा अधिक धीट आहे. अधिमांसात सुश्रुतांनी प्रथम छेदन सांगितले आहे. त्यानंतर वचा, तेजोवती, पाठा, सर्जिकाक्षार व यवक्षार यांच्या चूर्णाचे मधासह प्रतिसारण, पिंपळी व मधाचा कवल, पटोल-त्रिफळा-निंबाच्या काढ्याने धावन, शिरोविरेचन आणि वैरेचनिक धूम. वर्धनात अधिक दात उपटून त्या जागी अग्निकर्म. वाग्भटांनी अधिदंत क्षाराने जर्जर करून मग उपटण्यास सांगितले. आपण काय करतो? छेदन वगळतो, धावन वगळतो, लवंगतेलाचा बोळा आणि दोन गोळ्या देतो, आणि मग 'आयुर्वेदिक उपचार केले' असे केसपेपरवर लिहितो. ग्रंथातील पहिले पाऊल सोडून तिसरे पाऊल तेवढे टाकणे, याला ग्रंथोक्त चिकित्सा म्हणावयाचे का, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

धावन हा शब्द आम्ही मुद्दाम अधोरेखित करतो. आजचा दंतवैद्य अशा शोथात पहिली गोष्ट करतो ती हिरडीच्या झाकणाखाली बोथट सुईने मिठाचे निर्जंतुक पाणी मारून तो कप्पा स्वच्छ करणे. शोथ पसरलेला नसेल, ज्वर नसेल, तर पुष्कळदा तेवढ्याने आणि कोमट गुळण्यांनी आठवड्यात आराम पडतो. प्रतिजैविकाची गरज प्रत्येक वेळी नसते. पटोल, त्रिफळा आणि निंबाचा गाळलेला कोमट काढा गुळणीसाठी देणे हे आपले काम आहे आणि त्याचा उपयोग होतो, असा आमचा अनुभव आहे. इरिमेदादि तेलाचा गंडूष शोथ ओसरल्यावर द्यावा. लालास्राव आणि कफाधिक्य असताना तेल देण्याची घाई नको. गालावर बाहेरून कडक शेक देण्याची जी घरगुती रीत आहे, तिला मात्र आम्ही विरोध करतो. आत पू होऊ घातला असताना बाहेरून उष्णता देऊन त्याला गालाकडे वाट करून देण्यात शहाणपण नाही.

एका रुग्णाचा प्रसंग येथे नोंदवणे उपयुक्त होईल. बावीस वर्षांचा, वसतिगृहात राहून अभियांत्रिकी शिकणारा मुलगा. डाव्या कानात तीन आठवडे वेदना. त्याच्या गावाकडे एका चिकित्सकाने कर्णपूरण केले होते, नंतर दुसऱ्या एकाने कानात टाकायचे थेंब दिले होते. प्रत्येक वेळी दोन दिवस उतार आणि पुन्हा दुखणे. कान तपासला तर पडदा स्वच्छ. तोंड उघडायला सांगितले तर दोन बोटे जेमतेम मावली. दीप आणि जिव्हादर्शक घेऊन पाहिले तेव्हा डाव्या बाजूला शेवटी लालसर, फुगलेली हिरडी आणि तीवर वरच्या दाढेचा ठसा. संपूर्ण जबड्याचे चित्र, ज्याला ओपीजी म्हणतात, ते काढवून घेतले. दाढ पुढे झुकलेली होती आणि तिच्या टेकण्याच्या जागी दुसऱ्या दाढेला मुळापर्यंत कीड. दंतशल्यतज्ज्ञाने दोन्ही दाढा काढल्या. अक्कलदाढेचे दुःख कोणी करीत नाही. पण दुसरी दाढ त्या मुलाला पुढची पन्नास वर्षे हवी होती. ती वाचवता आली असती का, हे नक्की सांगता येणार नाही. कीड जुनी होती. कानाची वेदना घेऊन आलेल्या तरुणाचे तोंड तीन आठवड्यांत एकदाही उघडून पाहिले गेले नाही, एवढे मात्र नक्की.

तोंड न उघडण्याविषयी आपल्या प्रदेशापुरते आणखी एक सांगणे आवश्यक आहे. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी असली तरी सुपारी, मावा आणि तंबाखू तरुणांच्या तोंडातून गेलेली नाही. सबम्युकस फायब्रोसिसमध्येही तोंड कमी उघडते. तेथे ते महिनोन्‌महिने हळूहळू कमी होत जाते, तिखट सहन होत नाही, गालाच्या आतला भाग पांढुरका व चिवट लागतो. अक्कलदाढेच्या शोथात ते दोन-चार दिवसांत एकदम कमी होते आणि एका बाजूला वेदना असते. दोन्ही एकत्रही असू शकतात, आणि मग दाढेपर्यंत पोहोचणे दंतवैद्यालाही कठीण होते. तिसरी शक्यता अधिक गंभीर आहे. तंबाखू खाणाऱ्या चाळिशीच्या माणसाला शेवटच्या दाढेमागे न भरणारा व्रण किंवा कडक सूज असेल, तर त्याला अधिमांस म्हणून प्रतिसारण करीत बसू नये. पंधरा दिवसांत न भरलेला व्रण तपासणीसाठी पाठवलाच पाहिजे. अधिमांस हे तरुणांचे दुखणे आहे. वय बदलले की निदानाचा क्रमही बदलावा.

उत्पाटनाच्या प्रश्नावर आपल्या संघटनेत दोन टोकाची मते आहेत, याची आम्हांस कल्पना आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये शल्य व शालाक्यतंत्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी एकूण ५८ शस्त्रकर्मांची यादी राजपत्रात आली आणि त्यानंतर ११ डिसेंबर २०२० रोजी ॲलोपॅथीच्या डॉक्टरांनी देशभर काम बंद ठेवले. त्या वादात कोण किती बरोबर, हा या लेखाचा विषय नाही. परंतु त्या वादाच्या भरात आपल्यापैकी काहींनी 'दात काढणे आमचेच शास्त्र आहे' असा जो सूर लावला, त्यात अडलेली अक्कलदाढही गृहीत धरली गेली, ते आम्हांस पटत नाही. हलणारा दात वेगळा आणि हाडात रुतलेली दाढ वेगळी. दुसरीसाठी हिरडी उघडावी लागते, हाड कापावे लागते, पुष्कळदा दाढेचे तुकडे करावे लागतात. तिच्या मुळांखालून जी नाडी जाते, तिच्यामुळे खालच्या ओठाला व हनुवटीला स्पर्शज्ञान आहे. आतल्या बाजूने जिभेची नाडी जाते. इजा झाली तर ओठ किंवा अर्धी जीभ बधिर होते, बहुधा काही काळ, क्वचित कायमची. मुळे नाडीच्या फार जवळ असतील तर आज काही ठिकाणी दाढेचे फक्त डोके काढून मुळे तशीच ठेवतात. हे सर्व चित्र पाहून ठरवावयाचे असते.

जालंधर बंधाने दात काढण्याची पद्धत आपल्याकडील काही वैद्यांनी मेहनतीने जपली आहे. बधिरीकरणाच्या सुईशिवाय दात निघतो, रुग्ण समाधानी जातो, आणि त्या कौशल्याविषयी आम्हांस आदर आहे. पण त्या पद्धतीत दाताचे डोके यंत्राच्या पकडीत यावे लागते आणि दाताला बाहेर येण्याची वाट मोकळी असावी लागते. पुढे झुकलेल्या दाढेची वाट दुसऱ्या दाढेने अडविलेली असते, मागे कललेलीची हाडाने. क्ष-किरण चित्र न पाहता अशी दाढ उपटण्यास बसणे म्हणजे बंद दाराशी जोर लावणे होय. मुळाचे टोक तुटून आत राहणे हा त्याचा सौम्य परिणाम, आणि जबडा कोनाशी मोडणे हा गंभीर. शिबिरांत, शाळेच्या व्हरांड्यात, एका बसक्या स्टुलावर ही दाढ काढू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. ते कोणास न रुचले तर आम्ही चर्चेस तयार आहोत.

याच्या नेमक्या उलट टोकाचा अतिरेकही आम्ही पाहतो. काही तक्रार नाही, दुसऱ्या कारणासाठी चित्र काढले, त्यात अक्कलदाढा अडलेल्या दिसल्या, आणि चारही काढून टाकण्याचा सल्ला मिळाला, असे रुग्ण कागद घेऊन विचारायला येतात. इंग्लंडमधील 'नाईस' या शासकीय संस्थेने मार्च २००० मध्येच, विकृती नसलेल्या अडलेल्या अक्कलदाढा प्रतिबंध म्हणून काढण्याची प्रथा बंद करावी, असे मार्गदर्शन केले होते. पहिल्याच वेळी झालेला हिरडीचा शोथ, तो विशेष तीव्र नसेल तर, काढण्याचे कारण मानू नये. पुन्हा झाला तर मानावे, असेही त्यात होते. अमेरिकेतील दंतशल्यतज्ज्ञांचा कल त्याहून वेगळा, लवकर काढण्याकडे राहिला आहे. पुढचे दात अक्कलदाढेच्या रेट्याने वाकडे होतात म्हणून ती काढावी, हे कारणही पुष्कळ सांगितले जाते. त्याला अभ्यासांचा पाठिंबा मिळालेला नाही. अशा वेळी रुग्णाला 'काढू नका' असे ठणकावून सांगणे हे आपले काम नव्हे. दुसऱ्या दाढेला कीड आहे का, गाठ वा कोश दिसतो का, शोथ पुन्हा पुन्हा झाला आहे का, हे तीन प्रश्न दंतवैद्याला विचारण्यास त्याला सुचवावे. न काढलेल्या दाढेवर लक्ष ठेवावे लागते, आणि तिच्याकडे दुर्लक्ष करून चालत नाही, हेही त्याच वेळी सांगावे.

सुश्रुतांनी वरचा दात हलत असला तरी काढू नये, असा निषेध केला आहे; अतिरक्तस्राव, दृष्टिनाश आणि अर्दित यांची भीती त्यांनी सांगितली. आज खालच्या झाकणावर आपटणारी वरची अक्कलदाढ काढणे हा पुष्कळदा सर्वांत सोपा उपाय असतो. या निषेधाचे काय करावयाचे, असे विद्यार्थी विचारतात. तो निषेध रक्तस्तंभनाची साधने मर्यादित असतानाचा आहे, आणि वरच्या दातांच्या मुळांचा वरच्या भागांशी असलेला निकट संबंध त्यांच्या ध्यानात आला होता, एवढे त्यातून घ्यावे. आज्ञा म्हणून तो जसाच्या तसा रुग्णाला ऐकवू नये.

रुग्णाला कोणत्या स्थितीत त्याच दिवशी पाठवावे, याविषयी मतभेदास जागा नाही. ज्वर, तोंड एक बोटाहून कमी उघडणे, गिळताना कष्ट, आवाज जाड होणे, जबड्याखाली किंवा गळ्यावर पसरणारी कडक सूज, जीभ वर उचलली गेल्यासारखी दिसणे. ही सूज गळ्यात उतरून श्वासमार्ग दाबू शकते. तेथे गंडूष नाही, लेप नाही, दुसऱ्या दिवशीची वाट नाही. मधुमेही रुग्णात ही घाई दुप्पट.

पाठविताना दिल्या जाणाऱ्या चिठ्ठीत 'दातदुखी' एवढेच लिहू नये. कोणती बाजू, कधीपासून, कितवा वेग, तोंड किती बोटे उघडते, ज्वर किती, तंबाखू-सुपारी आहे का, मधुमेह किंवा रक्त पातळ करणारी औषधे चालू आहेत का, आणि आपण काय दिले, हे लिहावे. रक्त पातळ करणारे औषध आपल्या काढ्याबरोबर चालू असेल तर ते विशेषकरून लिहावे. आणि शस्त्रकर्मानंतर रुग्ण आपल्याकडे परत आला की पहिले चोवीस तास जोराच्या गुळण्या करू देऊ नयेत, कारण जखमेतील रक्ताची गाठ निघून गेली की तीन-चार दिवसांनी जी वेदना सुरू होते ती मूळ दुखण्याहून वाईट असते. त्यानंतर मात्र त्रिफळ्याच्या कोमट काढ्याच्या हलक्या गुळण्या आठवडाभर चालू ठेवण्यास हरकत नाही.